पोप दोनदा आले, मधल्या ३९ वर्षांत आयर्लंड बदललं!

देशातल्या दर तीन माणसांपैकी जवळपास एक जण एकाच मैदानावर जमलाय, अशी कल्पना करून पाहा. आयर्लंडमध्ये हे खरंच घडलंय! २९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आले, तेव्हा त्यांच्या मिस्साला दहा लाखांहून जास्त लोक होते. देशाची लोकसंख्या होती सुमारे ३४ लाख. त्यानंतर कितीतरी घरांत मुलाचं नाव ‘जॉन पॉल’ ठेवलं गेलं.

पोपचा शब्द घराघरात

तिथल्या बहुतेक शाळा आणि अनेक रुग्णालयं चर्चच चालवत असे. त्यामुळे पोपचं म्हणणं थेट संसारापर्यंत पोहोचायचं. लिमरिक शहरात पोपनी घटस्फोट, गर्भनिरोधक आणि गर्भपाताविरुद्ध इशारा दिला. पुढे १९८३ च्या सार्वमतात लोकांनी गर्भपातबंदी राज्यघटनेत घातली, तर १९८६ मध्ये घटस्फोटाला नकार दिला. लग्न मोडलं तरी दुसरं करता येईना. गर्भपातासाठी बायका गुपचूप इंग्लंड गाठत.

विश्वासाला तडा

मग एकेक प्रकरण बाहेर येऊ लागलं. २००९ मध्ये दोन मोठे चौकशी अहवाल आले. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार झाले होते आणि वरिष्ठांनी ते दडपले होते. जे चर्च घर कसं चालवावं हे सांगत होतं, त्याच्याच छताखाली मुलं सुरक्षित नव्हती! २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला.

लोकांनी उत्तर मतपेटीतून दिलं. १९९५ मध्ये अगदी थोड्या मतांनी घटस्फोट मंजूर झाला. २०१५ मध्ये ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. मे २०१८ मध्ये ६६ टक्के मतांनी गर्भपातबंदी उठली.

स्वागताला मालवणचा नातू

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस आले. त्यांचं स्वागत केलं पंतप्रधान लिओ वराडकर यांनी. हो, त्यांच्या वडिलांचं घराणं आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं! वराडकर स्वतः समलिंगी असल्याचं उघडपणे सांगतात. आता शब्दांपाठोपाठ कृती हवी, असं त्यांनी पोपना भर कार्यक्रमात सुनावलं.

पोप अत्याचार सोसलेल्यांना भेटले. फिनिक्स पार्कच्या मिस्सात त्यांनी जाहीर क्षमा मागितली. या वेळी गर्दी १९७९ च्या मानाने फारच कमी होती.

म्हणून श्रद्धा संपली का? तसं नाही. २०२२ च्या जनगणनेतही ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलंय. मात्र लग्न, मूल, संसार यांचे निर्णय आता ते स्वतः घेतात.

तुमच्या घरात पूर्वी कुणाचा शब्द शेवटचा असायचा? आज आजी-आजोबांना जरूर विचारा.