ड्यूअर : परक्याच्या काठीचे राखणदार

थर्मासचा शोध लावणाऱ्या माणसाचे आडनाव शाळेत पाठ केले तेव्हा ते नुसते एक अवघड नाव होते. जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली दुहेरी भिंतींचे निर्वात भांडे तयार केले. त्यात त्याला द्रवरूप वायू थंड ठेवायचे होते. चहा गरम ठेवण्याची कल्पना पुढे इतरांना सुचली. मी स्कॉटलंडच्या इतिहासाकडे वळलो तो बऱ्याच उशिरा आणि कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय. तिथे हे आडनाव पुन्हा भेटले, आणि ते एका हुद्द्याचे नाव निघाले.

आडनाव हुद्द्यावरून पडणे आपल्याला नवे नाही. मी स्वतः पोतदार. नाणी पारखण्याचे काम घरात कोणी शेवटचे कधी केले, हे आजोबांनाही सांगता येत नसे. कसोटीचा दगड नाही, तराजू नाही, राहिले ते आडनाव. म्हणूनच ड्यूअरांच्या एका घराण्याने मला धरून ठेवले. त्यांच्याकडे नावाबरोबर वस्तूही राहिली होती.

ही वस्तू म्हणजे संत फिलनच्या काठीची मूठ. फिलन हा आठव्या शतकातला, आयर्लंडहून आलेला साधू. पर्थशायरच्या डोंगराळ भागातील ग्लेन डोकार्टच्या खोऱ्यात त्याचा मोठा महिमा होता. त्याच्या मागे राहिलेल्या पवित्र वस्तू मठाच्या तिजोरीत न ठेवता वेगवेगळ्या घराण्यांच्या हवाली केल्या गेल्या. घंटा एकाकडे, काठी दुसऱ्याकडे. या राखणदारांना गेलिक भाषेत ‘डेओरा’ म्हणत. उच्चार साधारण ‘ज्योरा’ असा, त्यामुळे लॅटिन आणि स्कॉट्स लिहिणारे कारकून ते कधी ‘जोर’, कधी ‘डोइर’ असे लिहीत. त्याचेच पुढे ‘ड्यूअर’ झाले.

शब्दाचा मूळ अर्थ मात्र राखणदार नाही. जुन्या आयरिश कायद्यात हा शब्द आपला मुलूख सोडून आलेल्या, म्हणून हक्क नसलेल्या माणसासाठी येतो. परका, परागंदा, पुढे यात्रेकरू. पवित्र वस्तू घेऊन गावोगाव फिरणारा तो डेओरा, अशी अर्थाची वाट दिसते. गंमत अशी की, काठीचे नाव ‘क्विग्रिच’, आणि तेही ‘परका’ याच अर्थाच्या दुसऱ्या गेलिक शब्दावरून आलेले. म्हणजे एका परक्याने दुसऱ्या परक्याला सांभाळायचे.

या सांभाळण्याचे स्वरूप २२ एप्रिल १४२८ रोजी किलिन येथे झालेल्या चौकशीच्या नोंदीत सापडते. हा कागद मी पुन्हापुन्हा वाचतो. खोऱ्यातील प्रत्येक कुळाने आपापल्या जमिनीच्या प्रमाणात काठीच्या राखणदाराला दरवर्षी पीठ द्यावे, असे त्यात आहे. आपण याला बलुते म्हटले असते. पण खरे कलम पुढे आहे. कोणाची गुरे किंवा माल चोरीला गेला आणि चोर ठाऊक नसल्याने किंवा वैराच्या भीतीने मालकाला मागावर जाण्याचे धाडस होत नसेल, तर त्याने राखणदाराकडे माणूस पाठवावा. सोबत चार पेनी किंवा जोड्यांचा एक जोड, आणि पहिल्या रात्रीचे जेवण द्यावे. त्यानंतर राखणदाराने स्वखर्चाने स्कॉटलंडच्या राज्यात गुरे जिथे असतील तिथवर माग काढावा. आपल्याकडे रामोशी हे काम गावच्या शिवेपर्यंत करीत आणि पुढचा माग पुढच्या गावावर सोपवीत. इथे शीव राज्याची होती, कारण हातात संताची काठी असलेल्या माणसाला अडवणे सोपे नव्हते. आणि पैशांऐवजी जोडे! चालायचेच काम, मोबदलाही चालण्याचाच.

१४८७ साली राजा तिसरा जेम्स याने मॅलिस डोइर या राखणदाराला पत्र दिले. काठी रॉबर्ट ब्रूसच्या काळापासून आणि त्याआधीपासून या घराण्याकडे आहे. ती सोडून देण्याची सक्ती कोणी करू नये आणि ती घेऊन फिरताना त्याला अटकाव होऊ नये, असा त्याचा आशय. वतनाची सनदच ती. मग १५६० साली धर्मसुधारणा आली आणि अवशेषपूजा त्याज्य ठरली. वतनाला अर्थ उरला नाही, पण घराण्याने काठीही ठेवली आणि कागदही. १७३४ साली तर त्यांनी ते पत्र एडिंबरोत रीतसर नोंदवून घेतले.

१७८२ च्या उन्हाळ्यात एक विद्यार्थी प्रवासी किलिनला आला. मूठ त्याला एका रोजंदारी मजुराच्या घरात दिसली. या मजुराचेही नाव मॅलिस डोइर. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, म्हणजे काठीचा पुढचा वारस, बाहेरच्या खोलीत क्षयाने अखेरच्या घटका मोजत होता. ही वस्तू हातची जाईल या काळजीने प्रवाशाने नुकत्याच स्थापन झालेल्या पुराणवस्तू संशोधकांच्या संस्थेला कळवले. तेव्हा त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पाहुण्याला वस्तूची काळजी वाटली ते ठीकच. पण घरात मुलगा मरणपंथाला असताना चांदीची मूठ न विकणारा तो मजूर मला अधिक मोठा वाटतो.

१८१८ साली हे कुटुंब कॅनडाला गेले. परका हे नाव तिथे अक्षरशः खरे झाले. काठी सोबत होतीच, आणि मूठ बुडवलेले पाणी आजारी गुरांसाठी न्यायला तिथले हायलंडी शेतकरी येत. गुरांशी असलेले जुने नाते समुद्रापलीकडेही असे टिकले. एडिंबरोहून टोरोंटोला गेलेल्या डॅनियल विल्सन या पुरातत्त्वज्ञाने पाठपुरावा केला, आणि ऑन्टारिओतील अलेक्झांडर ड्यूअर याने १८७७ साली मूठ स्कॉटिश राष्ट्रासाठी त्याच संस्थेच्या स्वाधीन केली. प्रवाशाच्या पत्राला पंचाण्णव वर्षे झाली होती.

एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक ड्यूअर राखणदारांच्या वंशातला नव्हे. एडिंबरोच्या दक्षिणेला ड्यूअर नावाचे ठिकाण आहे, आणि तिथल्या लोकांनीही तेच आडनाव लावले. त्यामुळे केवळ आडनावावरून कोणाच्याही हाती काठी देता येत नाही, थर्मासवाल्या जेम्सच्याही नाही.

मूठ एडिंबरोला पोहोचल्यावर उघडून पाहिली, तेव्हा चांदीच्या कवचाच्या आत तिच्याहून जुनी, धातूची दुसरी मूठ निघाली. तिच्यावरच्या चांदीच्या पट्ट्या काढून बाहेरच्या कवचावर बसवल्या होत्या. लाकडी काठी केव्हाच नाहीशी झालेली. दोन्ही मुठी आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.