मैदान, मोबाइल आणि प्राथमिक शाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षणात तंत्रज्ञान तीन कामे करते : खेळ किंवा आसन नीट करून दाखवणे, मुलाची हालचाल टिपून ती त्यालाच पुन्हा दाखवणे आणि प्रगतीची नोंद ठेवणे. धावणे, उडी मारणे, झेल घेणे मात्र मुलालाच करावे लागते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, सावित्रीच्या खोऱ्यात आणि सह्याद्रीच्या उतारांवर, वाड्यावस्त्यांवरच्या शाळा लहान आहेत. तिथे सपाट जागा थोडी, पाऊस फार आणि शिक्षक मोजके. अशा शाळांच्या संदर्भात या विषयाबाबतचे काही गैरसमज तपासून पाहणे उपयोगाचे आहे.

गैरसमज : डोंगरातली मुले मुळातच काटक, त्यांना वेगळे शारीरिक शिक्षण कशाला?

वस्तुस्थिती : रायगड किल्ला महाड तालुक्यात आणि तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. काटकपणाचा अभिमान इथे स्वाभाविक आहे. चढउतार चालून येणाऱ्या मुलांचा दमही वाढतो. पण फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे, लवचीकता ही कौशल्ये नुसत्या चालण्याने येत नाहीत. ती शिकवावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयोगटाला दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी.

गैरसमज : मोबाइल आला की मुले मैदान सोडून पडद्यापुढे बसतात.

वस्तुस्थिती : ते वापरावर अवलंबून आहे. पूर्ण तासिका चित्रफीत दाखवली तर ते शारीरिक शिक्षण उरत नाही. दोन मिनिटे पाहणे आणि बाकी वेळ खेळणे, हे प्रमाण योग्य. उजव्या हाताने चेंडू फेकताना अनेक लहान मुले उजवाच पाय पुढे टाकतात. संथ गतीच्या चित्रणात ही चूक मुलाला स्वतःला दिसते, आणि पुढच्या फेकीला तो डावा पाय पुढे टाकून पाहतो.

गैरसमज : यासाठी महाग उपकरणे आणि अखंड नेटवर्क लागते.

वस्तुस्थिती : शिक्षकाच्या फोनमधील घड्याळ, कॅमेरा आणि एक लहान स्पीकर एवढ्यावर बरेच काम होते. घाटातल्या वाडीत रेंज नसली तरी चित्रफिती आधी उतरवून ठेवता येतात. ‘खेलो इंडिया’ योजनेत पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी ठरवलेल्या चाचण्या साध्या आहेत : उंची-वजनावरून शरीर वस्तुमान निर्देशांक काढणे, एका पायावर 60 सेकंद तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांवर आळीपाळीने हात टेकवण्याचा वेग मोजणे. चौथीपासून 50 मीटर आणि 600 मीटर धावण्यासारख्या चाचण्या येतात. तोलाची तयारी तर लंगडी खेळतानाच होते.

गैरसमज : पावसाळ्यात हा विषय बंदच ठेवावा लागतो.

वस्तुस्थिती : या भागात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शाळा नेमक्या जूनमध्ये सुरू होतात. चार महिने मैदान चिखलात गेले तरी वर्ग आणि व्हरांडा असतो. स्पीकरवरच्या ठेक्यावर कवायत, सूर्यनमस्कार, जागच्या जागी उड्या आणि तोलाचे खेळ तिथे घेता येतात. फरशी ओली नाही ना, हे मात्र आधी पाहावे.

गैरसमज : ॲप असले की शिक्षकाची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक असतात. शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, तीही 100 पेक्षा जास्त पट असेल तर आहे. म्हणजे लहान शाळेत हा विषय वर्गशिक्षकच घेतात. खेळाचे नियम आणि आसनाची योग्य रीत दाखवून तंत्रज्ञान त्यांना आधार देते. धापा टाकणारे, घाबरलेले किंवा बाजूला राहिलेले मूल ओळखणे आणि त्याला खेळात घेणे हे शिक्षकाचेच काम आहे.

गैरसमज : आकडे जितके मोठे, तितके मूल तंदुरुस्त.

वस्तुस्थिती : दिवसाला 10,000 पावलांचे प्रसिद्ध लक्ष्य 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाले, ते मुलांसाठी ठरवलेले वैद्यकीय प्रमाण नव्हे. मुलांचा वस्तुमान निर्देशांकही वय आणि लिंगानुसार पाहावा लागतो, प्रौढांचे तक्ते त्यांना लागू पडत नाहीत. नोंद मुलाच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी ताडावी. वर्गासमोर क्रमवारी लावू नये. चित्रण करण्याआधी पालकांची संमती घ्यावी आणि काम झाल्यावर ते पुसून टाकावे.

तंत्रज्ञानाचा वापर यशस्वी झाला की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे : तासिका संपताना किती मुले प्रत्यक्ष खेळून घामेजली, एवढे पाहावे.