वारशाने आलेली थ्री-नॉट-थ्री

आजोबा किंवा वडील गेल्यावर आवराआवरीत कपाटामागून जुनी लष्करी रायफल निघाली, तर पहिली इच्छा होते ती पुसून लखलखीत करण्याची. ती आवरावी. साफसफाई हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. जुन्या रायफलींचं जेवढं नुकसान गंजाने होतं, त्याहून अधिक हौशी हातांतल्या पॉलिश पेपरने होतं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे अशी रायफल बहुधा ली-एनफिल्ड असते. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची आणि पुढे आपल्या पोलिसांचीही ही ‘थ्री-नॉट-थ्री’. तिच्या नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. खाली तिचंच उदाहरण घेतलं आहे.

पहिलं काम सुरक्षिततेचं. बंदूक भरलेली आहे असंच धरून चालावं. नळीचं तोंड माणसं नसलेल्या दिशेला ठेवावं आणि बोट चापापासून दूर. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढावं. मग बोल्ट, म्हणजे मागचा सरकता लोखंडी दांडा, वर उचलून मागे ओढावा आणि नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती खोबण डोळ्यांनी पाहावी. अपघात होतात ते इथेच. मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली, असं लोक धरून चालतात. पण खोबणीत एक काडतूस राहिलेलं असू शकतं. बोल्ट गंजून अडकला असेल तर जोर लावू नये, हातोडी तर मुळीच नको. असं असेल किंवा यातलं काहीच जमेलसं वाटत नसेल, तर रायफल जिथे आहे तिथेच ठेवून जाणकाराला बोलवावं.

सोबत जुनी काडतुसं निघाली तर ती कचऱ्यात, विहिरीत किंवा भंगारात टाकू नयेत. पोलिसांना कळवून त्यांच्याकडे सोपवावीत.

दुसरं काम कागदांचं. शस्त्राचा परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि तो घराबरोबर वारसाला मिळत नाही. परवानाधारक गेल्यावर १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाला आपल्या नावाने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. थ्री-नॉट-थ्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. हा ‘प्रतिबंधित बोअर’, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणारा नळीचा माप-प्रकार आहे, आणि त्याचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात, हेही लक्षात ठेवावं.

परवाना सापडतच नसेल तर लोक दोन चुका करतात. काही जण गप्प बसतात. काही जण रायफल गाडीच्या डिकीत टाकून स्वतःच ठाण्याकडे निघतात. वाटेत नाकाबंदी लागली तर खुलासा करणं कठीण जातं. आधी वकिलाशी बोलून लेखी कळवावं आणि पोलीस सांगतील तसं करावं. जमा केल्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर रायफलचा क्रमांक नीट लिहिला आहे ना, ते तिथेच तपासावं. कायद्यात एक सवलतही आहे. कालबाह्य, पुरातन मूल्याचं किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. पण ‘जुनी आहे, म्हणजे सुटली’ असा याचा अर्थ नाही, आणि आपली रायफल या सवलतीत बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये.

कागद मार्गी लागले की रायफल वाचायला घ्यावी. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण इथे वस्तू स्वतः बोलते. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, पुढच्या बाजूला जिथे संपतो तिथे एक लोखंडी कडं असतं. त्याच्या उजव्या अंगावर मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, सन आणि नमुना कोरलेला असतो. ‘जी.आर.’ म्हणजे राजा जॉर्ज. ‘जी.आर.आय.’ असेल तर शेवटचं अक्षर सम्राटपदाचं. ही खूण इशापूरला बनलेल्या रायफलींवर दिसते. कोलकात्याजवळचा हा सरकारी रायफल कारखाना स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि पुढे मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. ‘एनफिल्ड’ आणि ‘बी.एस.ए.’ हे इंग्लंडचे कारखाने, ‘लिथगो’ ऑस्ट्रेलियाचा. नमुन्यापुढे रोमन आकड्यात तीन असेल तर तो १९०७ चा नमुना. त्याला ताऱ्याची खूण जोडलेली असेल तर पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सोपी केलेली आवृत्ती.

यानंतर क्रमांक जुळवावेत. तोच क्रमांक नळीवर, मुख्य सांगाड्यावर आणि बोल्टच्या मुठीमागे असायला हवा. सगळे जुळले तर रायफल बरीचशी मूळ अवस्थेत आहे. बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला, तर तो दुसऱ्या रायफलीचा आहे. असा बोल्ट खोबणीशी नेमका बसेलच असं नसतं, आणि नीट न बसलेल्या बोल्टमुळे गोळी झाडताना काडतूस मागून फुटू शकतं. ‘डी.पी.’ अशी खूण असेल तर ती कवायतीपुरती ठेवलेली रायफल आहे. खरं तर जुळणी पक्की असली, तरी वारशाची रायफल ‘एकदा चालते का बघू’ म्हणून उडवण्याचा मोह टाळावाच.

काही खुणा गावठी दुरुस्तीसारख्या दिसतात, पण तशा नसतात. चापाच्या पुढच्या लाकडातून आरपार गेलेला स्क्रू ही इशापूरची मजबुतीची पद्धत आहे. नळीभोवतीच्या लाकडावर तार घट्ट गुंडाळलेली असेल, तर त्या रायफलीवरून हातबॉम्ब फेकले जात, म्हणून तो बंदोबस्त. ही तार ‘घाण दिसते’ म्हणून उसकटून काढणारे लोक असतात. आपण ती राहू द्यावी.

घरातली गोष्ट सनाशी ताडून पाहावी. ‘आजोबांनी बर्माच्या लढाईत हीच वापरली’ असं सांगितलं जातं, पण शिपायाची रायफल सरकारी मालकीची असे आणि सेवा संपताना परत करावी लागे. रायफलीवर १९४९ कोरलेलं असेल तर प्रश्नच मिटला, ती त्या लढाईनंतर बनली आहे. गोष्ट खोडून टाकायची गरज नाही. वहीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात. प्रत्येक खुणेचा फोटो काढावा आणि आजोबांची सेवापुस्तिका, जुना परवाना, खरेदीची पावती यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात.

आता साफसफाई. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्याचा क्षार नळीत चिकटून राही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसा हा क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद आतून खातो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच शिपाई नळीत उकळतं पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मग तेल लावत. आपल्या रायफलीची नळी आतून खडबडीत दिसली तर बहुधा हेच झालेलं असतं. ते खड्डे भरून येत नाहीत. गंज पुढे वाढू नये, एवढंच आपल्या हातात असतं.

दस्त्यामागच्या पितळी झडपेत तेलाची कुपी आणि पुल-थ्रू, म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी, कदाचित अजून असेल. दोरीला चिंधी लावून ती मागून पुढे ओढावी. तोंडाकडून लोखंडी गज घातला तर नळीची कड झिजते.

बाहेरचा सुटा, लाल गंज हलक्या तेलात थोडा वेळ भिजू द्यावा आणि बांबूच्या काडीने, मऊ कापडाने टिपावा. खालचा काळसर-तपकिरी थर हा बहुधा मूळ रंग असतो; त्याला हात लावू नये. पितळेवर ब्रासो नको. लाकडाला सॅंडपेपर, व्हार्निश, फ्रेंच पॉलिश यांतलं काहीच नको, कारण दस्त्यावर ठोकलेले शिक्के त्यासोबत जातात. लाकूड अगदीच कोरडं वाटलं तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे काही थेंब तळहाताने चोळावेत. वापरलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंधी पाण्यात बुडवून मगच टाकावी.

लाकूड सुटं करण्याच्या फंदात पडू नये. या रायफलीत आधी मागचा दस्ता काढायला गेलं, तर तो धरून ठेवणाऱ्या आतल्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक फिरताना पुढच्या लाकडाला चिरतं. पुढचं लाकूड आधी काढायचं असतं, आणि ते काम कसबी कारागिरासाठी राखून ठेवावं.

परवाना मिळून रायफल घरी आली, तर ती चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत ठेवू नये. दोन्ही ओलावा धरून ठेवतात. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि बोल्ट वेगळ्या कुलपात. नळीच्या तोंडाला बूच मारू नये. रायफल उभी ठेवायची झाली तर तेल लावल्यावर पहिले काही दिवस तोंड खाली असावं, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या मुळाशी मुरतं आणि तिथलं लाकूड मऊ पडतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दर महिन्याला, इतरत्र पावसाच्या आधी आणि नंतर एकदा, तेलाचा हात फिरवावा. उघड्या बोटांचा घामही गंज आणतो, तेव्हा हातमोजे घालावेत.

ठेवायचीच नसेल, तर विक्री आणि दान दोन्हींसाठी आधी परवाना अधिकाऱ्यांची लेखी संमती घ्यावी. संग्रहालयाशी बोलणी त्यानंतर. १०० वर्षांहून जुनी रायफल १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून परदेशातल्या भावंडाने कितीही आग्रह धरला तरी त्याच्या वाट्याला फोटो आणि वहीची प्रतच पाठवावी.