टर्बो घरी बसवाल, पण ईसीयूचे काय?

लष्कराचे ट्रक बांधणारी, १९६९ साली स्थापन झालेली वाहन निर्माणी जबलपुरात आहे. अशा शहरात जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो जोडण्याची हौस कुणाला झाली तर नवल नाही. पण खरी परीक्षा पाइप-फिटिंगची नसून ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची असते. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. त्या प्रमाणात पेट्रोल वाढले नाही आणि ठिणगीची वेळ मागे घेतली नाही, तर इंजिन ठोके देते. पिस्टन वितळूही शकतो.

ईसीयूला हे सांभाळायला लावण्याचे पर्याय तीन आहेत. पहिला, मूळ ईसीयूचे रीमॅपिंग: सुबक, पण गाडीच्या मॉडेलचे सॉफ्टवेअर उघडता आले तरच. दुसरा, पिगीबॅक: सेन्सरचे संकेत बदलणारी जोडपेटी, स्वस्त, सौम्य दाबापुरती ठीक. तिसरा, स्टँडअलोन ईसीयू: संपूर्ण ताबा, पण खर्चिक आणि वेळखाऊ.

पर्याय कोणताही असो, वातावरणापेक्षा जास्त दाब वाचणारा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवेतच. एरवी हे प्रमाण १४.७ ला १ असते. पूर्ण दाबावर ते साधारण १२ ला १ ठेवतात. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, म्हणून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लावून ट्यूनिंग भर दुपारच्या उष्णतेतही तपासावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून आधी आरटीओत चौकशी करा, मगच पाना हाती घ्या.