रुग्णालयातील यंत्रे आणि त्यांची खतावणी

गेल्या वर्षी माझ्या वडील बंधूंना बेळगावातील एका रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांची खोली बदलली. नव्या खाटेजवळच्या मॉनिटरवर नाडीचे आकडे उमटत होते ते त्यांचेच. परंतु वरचे नाव मात्र सकाळी घरी गेलेल्या गृहस्थांचे! सूनबाईंच्या ध्यानात आले म्हणून बरे. परिचारिकेने तत्काळ दुरुस्ती केली; तथापि तासभर एकाची नोंद दुसऱ्याच्या खाती पडली होती. चाळीस वर्षे धान्याची वखार चालविलेल्या मला ही चूक अपरिचित नव्हती.

अलीकडे काही मोठ्या रुग्णालयांतून यंत्रांना व रुग्णांच्या मनगटपट्ट्यांना टॅग लावून ते कोठे आहेत हे संगणकावर पाहण्याची सोय झाली आहे. मोटारीला वाट दाखविणारे उपग्रह छपराखाली फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून छतांत व भिंतींवर संकेत टिपणारी यंत्रे बसवितात. काही टॅगांत बॅटरी असते; काहींत नसते, ते वाचकयंत्राच्या लहरींनीच जागे होतात. रेडिओलहरी भिंत ओलांडतात, त्यामुळे शेजारच्या खोलीशी घोटाळा होतो. अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, सबब खोली ठरविण्यास ते बरे. सलाईनचा पंप शोधीत परिचारिकेला मजलोमजली हिंडावे लागत नाही, हा लाभ उघडच आहे.

पण पोते कोणत्या थप्पीत आहे हे हमाल सांगेल. ते कोणाच्या मालकीचे, हे खतावणीच सांगणार. दोन खाटांच्या खोलीत पंप आहे एवढे टॅग सांगतो. तो कोणाला जोडला आहे, हे नव्हे. म्हणून संगणकाने केवळ सुचवावे, आणि परिचारिकेने मनगटपट्टी व पंप या दोहोंवरील बारकोड वाचून नोंद पक्की करावी, हीच रीत मला सुरक्षित दिसते. खाते बंद करणे त्याहून कठीण. रुग्ण खोलीबाहेर गेला आणि यंत्र मागेच राहिले, हे टॅगवरून चटकन समजते; त्याच क्षणी जुने नाव काढण्याची सूचना मिळती, तर आमच्यावर तो प्रसंग येता ना. मात्र रुग्ण क्ष-किरण तपासणीस जाऊन अर्ध्या तासात परत येणार असेल, तर खाते मिटवून चालणार नाही. तेथे माणसानेच ठरवावे लागते.

लहरींचाही एक धोका आहे. ॲम्स्टरडॅम येथे रुग्णाविना 41 वैद्यकीय यंत्रांवर 123 चाचण्या घेण्यात आल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात 34 वेळा बिघाड नोंदले आहेत, पैकी 22 घातक. श्वासयंत्रे बंद पडली, औषधाचे पंप थांबले! आणि बॅटरीविना टॅगांच्या पद्धतीनेच अधिक त्रास दिला. यास्तव अशी यंत्रणा बसविण्यापूर्वी त्याच रुग्णालयातील यंत्रांवर ती पारखून घेणे अगत्याचे आहे.

बंधू आता पेढीवर येऊन बसतात. त्यांच्या कागदपत्रांत त्या सकाळचा एक तास कोराच आहे. ते आकडे त्या दुसऱ्या गृहस्थांच्या कागदांतून निघाले की नाही, हे आम्हांस कोणी सांगितले नाही.