पाहुण्याचा रुपया गावात राहू द्या

मुंबईहून गोव्याला जाताना वाटेत पेण लागते, पुढे कोलाड लागते. शनिवार उजाडला की शहरातल्या गाड्यांची रीघ लागते. गाड्या येतात आणि निघून जातात. त्यांच्याबरोबर पैसाही येतो आणि निघून जातो. तो गावात कसा राहील? ते आज आपण पाहू.

आधी आपल्यापाशी काय आहे ते मोजू. पेणचे गणपती देशोदेशी जातात. हमरापूर आणि जोहे या गावांत मूर्तींचे पुष्कळ कारखाने आहेत. पेण तालुक्यातल्याच गागोदे गावी 1895 साली विनोबा भावे जन्मले. रोह्याजवळ अवचितगड आहे. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस तिला मानवंदना देतात. हे सारे पाहायला माणसे हौसेने येतात.

आता कुंडलिका नदीची गोष्ट ऐका. घाटावर मुळशीला मोठे धरण आहे. त्याचे पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजघरात येते. वीज तयार झाली की ते पाणी कुंडलिकेत जाते. म्हणून उन्हाळ्यातही नदी वाहते. पाणी सोडले की कोलाडजवळ रबरी होड्या निघतात. त्यात बसायला शहरातले लोक पैसे मोजतात. गावच्या पोरांना काम मिळते. पण पाणी एकदम चढते, हे विसरू नका. अंगात तरंगते जाकीट आणि संगतीला जाणता नावाडी असल्याशिवाय कोणालाही होडीत बसवू नये.

आता हिशेब करू. समजा, एका पाहुण्याने 1000 रुपये दिले. तांदूळ, भाजी, कोंबडी सारे आपण शहरातून आणले. मग बराचसा पैसा आल्या वाटेने परत गेला! उलट तांदूळ आपल्या शेतातला घेतला, अंडी शेजारणीकडची घेतली, भाकरी बचत गटाच्या बायांनी भाजली, गड दाखवायला गावचा तरुण गेला, तर तेच 1000 रुपये चार घरांत वाटले जातात.

शहरासारखे जेवण करायची गरज नाही. ते त्यांना घरीच मिळते. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढा. थंडीत पोपटी लावा. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून भोवती जाळ केला, की पाहुणे शेकोटीपासून हलत नाहीत!

पाहुण्याला आणखी काय लागते? स्वच्छ संडास, पिण्याचे स्वच्छ पाणी, धुतलेली चादर. एवढे नसेल तर पाहुणा बोलावूच नये. दर आधीच सांगावा आणि तेवढाच घ्यावा. फोनवरून फोटो पाठवाल तो खऱ्या खोलीचाच पाठवा. फसलेला पाहुणा दहाजणांना सांगतो. खूश झालेला पाहुणा पुढच्या वर्षी चारजणांना घेऊन येतो. याहून चांगली जाहिरात नाही.

राज्य सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण केले. शेतकऱ्याला आपल्या केंद्राची नोंद पर्यटन संचालनालयाकडे करता येते. ती करून घ्यावी.

एक गोष्ट मात्र जपा. पाहुणे वाढले की जमिनीला गिऱ्हाईक येते. भाव ऐकून डोळे दिपतात. पण जमीन एकदाच विकता येते. भात दर साली पिकतो आणि पाहुणाही दर साली येतो. जमीन विकून त्याच जागेवरच्या बंगल्याची राखण करायची पाळी आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. विकण्याआधी घरात सगळ्यांनी बसून विचार करा. बायकांचेही मत घ्या.

कचरा कोठे टाकायचा, गाड्या कोठे उभ्या करायच्या, दारू पिऊन दंगा झाला तर काय करायचे, हे ग्रामसभेत आधीच ठरवा. पाहुणा आपल्या घरी येतो. घराचे नियम घरच्यांनीच करायचे असतात.