सोडलेलं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे

"घाबरताय कशाला? धरणातून सोडलेलं पाणी आहे ते, पूर थोडाच आहे!" कोलाडला राफ्टिंग किंवा कयाकिंग करून आलेल्या कोणाच्या ना कोणाच्या तोंडून हे वाक्य दर मोसमात ऐकू येतं. सहल ठरवणारे ते सांगतात, पोरांना पाठवणारे आईबाप त्यावर विश्वास ठेवतात आणि नदीकाठी चहा पिणारा एखादा जाणकार त्यात भर घालतो, "नळासारखं असतं हो, हवं तेव्हा चालू, नको तेव्हा बंद." पाण्यावर माणसाचा ताबा आहे, म्हणून धोका नाही, असा हा सगळा युक्तिवाद. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा साफ चूक आहे, आणि या चुकीनं माणसं मेलेली आहेत.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. कोकणातल्या बहुतेक नद्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत खडकांतून झिरपणाऱ्या डबक्यांवर येतात. कोलाडची कुंडलिका मात्र रायगडात भर उन्हाळ्यातही फेसाळत वाहते. याचं कारण घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्यात आहे. मुळा नदीवर मुळशीला टाटांनी धरण बांधलं. १९२१ साली सुरू झालेला आणि सेनापती बापटांनी पुढे नेलेला सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. १९२७ पासून या धरणाचं पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं आणि नळांनी सुमारे पाचशे मीटर खाली उतरवून भिरा इथल्या वीजगृहात नेलं जातं. मुळेचं पाणी एरवी मुठा, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. ते इथे जनित्रं फिरवून पश्चिमेकडे सोडलं जातं, पुढे रवाळजेला सरकारी वीजगृहात आणखी एकदा वापरलं जातं आणि मग कुंडलिकेत येतं. म्हणजे कोलाडला आपण ज्या पाण्यावर वल्हं मारतो, ते कुंडलिकेचं नाहीच. तो वीजनिर्मितीतून उरलेला भाग आहे.

या पाण्याचा ताबा कोणाकडे, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. ताबा आहे, पण तो विजेचा हिशेब बघणाऱ्यांकडे आहे. राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. किती वीज लागते आहे, किती तयार होते आहे आणि वारंवारता पन्नास हर्ट्झच्या आसपास टिकते आहे की नाही, हे तिथे क्षणोक्षणी पाहिलं जातं. कोळशाचा संच थंड अवस्थेतून चालू करायला तासन्‌तास लागतात, जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो. म्हणूनच मागणी अचानक वाढली किंवा दुसरीकडचा एखादा संच बंद पडला की जलविद्युत केंद्राकडे वळतात. भिऱ्याला तर पाणी उलटं वर चढवण्याचीही सोय आहे. राफ्टिंगवाल्यांना रोज सकाळी पाणी मिळतं, कारण विजेचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं. पण ते वेळापत्रक विजेचं, तुमच्या सहलीचं नव्हे.

आता आकडे. पाचशे मीटर उंचीवरून दर सेकंदाला एक घनमीटर पाणी आणलं तर साधारण सव्वाचार मेगावॉट वीज होते. म्हणजे शंभर मेगावॉटसाठी सेकंदाला तेवीस हजार लिटरच्या घरात, सुमारे आठशे क्युसेक पाणी लागतं. पन्नास मेगावॉटचा फरक करायला कोणीतरी एक आकडा बदलतो, आणि त्या एका आकड्यामुळे नदीत चारशे क्युसेक येतात किंवा जातात. नदीत मुळात फार पाणी नसेल, तर एवढ्यानं तिचा चेहरामोहराच बदलतो.

नैसर्गिक पुराच्या आधी खुणा दिसतात. आकाश काळवंडतं, वरच्या अंगाला गडगडतं, पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात. नदीकाठचा माणूस हे वाचायला लहानपणीच शिकतो. सोडलेल्या पाण्याला यातलं काहीच नसतं. वर निळं आभाळ, पाणी स्वच्छ, ऊन टळटळीत आणि पातळी वर चढत असते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेकांना पटत नाही. त्यामुळे सांगायला हवी. पाणी वाढतं तेव्हा वाढीची ती लाट आधीपासून वाहत असलेल्या पाण्यापेक्षा जास्त वेगानं पुढे सरकते. खोल पाणी उथळ पाण्यापेक्षा जलद वाहतं, म्हणून असं होतं. जलशास्त्राच्या गणितानं उघड्या नदीत हा वेग पाण्याच्या सरासरी वेगाच्या साधारण दीडपट येतो. म्हणजे तुम्ही प्रवाहाबरोबर खाली चालला आहात, सगळं ठीक आहे, आणि मागून सोडलेलं पाणी तुम्हाला गाठू शकतं. "आम्ही पाण्याच्या पुढे आहोत" असं म्हणून कोणी स्वतःची समजूत काढू नये.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर हिमाचलात जाऊ. ८ जून २०१४, मंडी जिल्ह्यात थलोटजवळ बियास नदी. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं सहलीला आली होती आणि संध्याकाळच्या उन्हात नदीपात्रातल्या खडकांवर उतरून फोटो काढत होती. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा एक सहल मार्गदर्शक वाहून गेले. नंतरच्या चौकशीत जे पुढे आलं ते नळवाल्या मंडळींनी नीट वाचावं. ग्रिडमध्ये विजेची गरज कमी झाली म्हणून निर्मिती कमी करायला सांगण्यात आलं. जे पाणी जनित्रांतून जायचं ते साठवायला जागा नव्हती, मग दरवाजे उघडले. म्हणजे विजेची मागणी वाढली तरी पाणी येऊ शकतं आणि घटली तरीही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयानं भरपाईचा आदेश देताना प्रकल्प चालवणाऱ्या मंडळालाही आणि महाविद्यालयालाही जबाबदार धरलं. त्याआधी एप्रिल २००५ मध्ये मध्य प्रदेशात धाराजीला नर्मदेच्या काठी जत्रा भरली असताना इंदिरासागर धरणाचं पाणी वाढलं आणि साठच्या आसपास यात्रेकरू बुडाले. दोन्ही वेळी पाणी माणसाच्याच ताब्यात होतं!

"पण भोंगा वाजतो ना?" वाजतो, धरणाजवळ. रॅपिडच्या, म्हणजे खडकांमधल्या फेसाळ उताराच्या, आवाजात समोरच्या होडीतला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथे काही किलोमीटर वरचा भोंगा कोण ऐकणार? शिवाय वीजगृहातून नेहमीच्या प्रमाणात पाणी बाहेर पडतं तेव्हा धरणाचे दरवाजे उघडलेच जात नाहीत. दरवाज्यांच्या इशाऱ्यावर विसंबून राहणारा इथे आधीच फसलेला असतो.

पाणी बंद होणंही काही साधं नाही. वरचा पुरवठा थांबला की नदीत उरलेलं पाणी हळूहळू उतरत जातं. जिथून सकाळी होडी सहज सरकली, तिथे दुपारी दोन खडकांमध्ये अडकते. उशिरा निघालेला गट हमखास या फेऱ्यात सापडतो. मोठ्या राफ्टला चार जण ढकलून बाहेर काढतील, पण एकट्या कयाकवाल्याची होडी आडवी होऊन खडकाला चिकटली, तर प्रवाह तिला तिथेच दाबून धरतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे शाळेतलं विज्ञान तेव्हा आठवतं.

काठावर थांबलात तर एक साधी गोष्ट करा. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे ओलं संपून कोरडं सुरू होतं, तिथे वाळूत एक काटकी रोवा. पाच मिनिटांनी बघा. काटकीचा पाया पाण्यात गेला असेल तर चहा टाकून निघा. खडकांवरही नजर ठेवा. शेवाळाची हिरवी रेघ आणि तिच्यावरचा पांढरट पट्टा दोन्ही दिसत असतील, तर पाणी नेहमी कुठपर्यंत चढतं ते कळतं. चांगला वाटाड्या गप्पा मारता मारता हेच बघत असतो.

आता कोणी अमेरिकेचं उदाहरण देईल. तिथे वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातून कयाक आणि राफ्टवाल्यांसाठी दर शरद ऋतूत ठरवून पाणी सोडतात. तसं सोडणं १९८६ च्या कायद्यानं बंधनकारक केलेलं आहे. तारखा, वेळ आणि साधारण प्रमाण आधी जाहीर होतं, पाणी मुळात नौकानयनासाठीच असतं. एवढी शिस्त असूनही गॉलीवर माणसं दगावली आहेत, कारण अनिश्चितता गेली तरी नदी नदीच राहते. आपल्याकडे तर ती अनिश्चितताही आहे. दांडेलीला काळी नदीवर सुपा धरणाच्या पाण्यावर जे राफ्टिंग चालतं, त्याचीही हीच गोष्ट आहे. गोव्यातलं म्हादईवरचं राफ्टिंग वेगळं, ते पावसावर चालतं.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"मला पोहता येतं." तलावात येत असेल. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे शरीर कमी तरंगतं आणि हाताला पकड मिळत नाही. लाइफ जॅकेट लागतं ते पोहता येणाऱ्यालाही.

"पाणी गुडघाभर आहे, उभं राहू." वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह माणसाला पुढे लोटतो, पाय जागचा हलत नाही आणि तोंड पाण्याखाली जातं. गुडघाभर पाण्यातही माणसं अशी बुडाली आहेत. पाठीवर पडून, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जायचं आणि शांत पाणी आलं की काठाकडे वळायचं.

"छोटा बंधारा आहे, उडी मारून जाऊ." अजिबात नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी वरून पडतं आणि परत भिंतीकडे वळतं. त्यात सापडलेल्याला ते बाहेर सोडत नाही, लाइफ जॅकेट असलं तरी. खडकाळ रॅपिडमध्ये निसटायला फट असते, सलग भिंतीखाली नसते. होडी काठाला लावा आणि उचलून पलीकडे न्या.

"ग्रेड तीनचं आहे, मागच्या वर्षी केलंय." एक ते सहा ही आंतरराष्ट्रीय श्रेणी ठराविक पाण्याला लागू होते. पाणी बदललं की तोच रॅपिड एकतर बुडून सपाट होतो किंवा एक पायरी वर जातो.

"पावसाळ्यात जास्त मजा." तेव्हा वीजगृहाचं पाणी आणि घाटावरून उतरणारं ओढ्यांचं पाणी एकत्र येतं. पहिल्याचं निदान वेळापत्रक तरी असतं.

"कयाक उलटली की माणूस आत अडकतो." अडकत नाही, पण घाबरतो. कमरेभोवती बसून होडीचं तोंड झाकणाऱ्या स्प्रे स्कर्टला पुढे एक पट्टा असतो. तो ओढला की स्कर्ट सुटतो आणि माणूस होडीला धक्का देऊन बाहेर येतो. अट एकच, स्कर्ट बसवताना पट्टा बाहेर राहिला पाहिजे. नवखे लोक घाईत तो आत दाबून टाकतात. निघण्याआधी वाटाड्या प्रत्येकाच्या पुढ्यात वाकून तो पट्टा बाहेर ओढून बघत नसेल, तर त्याच्याबरोबर जाऊ नका. उलटून बाहेर येणं शांत पाण्यात आधी करून बघायचं, रॅपिडमध्ये पहिल्यांदा नव्हे.

आणि शेवटचा, जो बहुधा काठावरून ऐकू येतो: "या श्रीमंतांच्या खेळासाठी शेतकऱ्याचं पाणी वाया घालवतात." खेळासाठी इथे पाण्याचा एक थेंबही जादा सोडला जात नाही. जे येतं ते वीज करून आलेलं असतं, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांनी शेतीला दिलं जातं. राफ्ट आणि कयाक त्यावरून जातात, एवढंच. मुळशी खोऱ्यातल्या ज्या गावांची जमीन या पाण्याखाली गेली, त्यांची तक्रार मात्र वेगळी आहे, आणि तिला गैरसमज म्हणता येणार नाही.